काळी दोन

मंजिरीला गाणं येत नाही, हे त्यांच्या घरात इतकं सर्वमान्य होतं की त्यावर कधी बोलणंही होत नसे. गायचं ते नरेशनं. स्वराली तान्ही होती तेव्हा अंगाईसुद्धा त्यानंच म्हटली. मंजिरी नुसती थोपटायची. ती भूलतज्ज्ञ. चंडीगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात माणसांना झोपवायचं काम तिचं, आणि पोटच्या लेकीला झोपवायला मात्र युनिव्हर्सिटीतला केमिस्ट्रीचा प्रोफेसर लागतो, असा विनोद नरेश पाहुण्यांपुढे करायचा. सगळे हसायचे, तीही हसायची.

मंडळातही तेच. महाराष्ट्रातून इथे येऊन राहिलेल्या बायकांचं एक भजनमंडळ होतं. ते चालवायच्या सरलाताई. नवरा सैन्यात, चंडीमंदिरहून निवृत्त झाल्यावर पंचकुल्यात घर घेऊन राहिलेली मूळची सांगलीची माणसं. सरलाताईंचा आवाज असा की वरच्या सुरावर गेल्या की हॉलच्या काचा कान टवकारतात असं वाटावं. मंजिरी पहिल्यांदा सरावाला गेली तेव्हा दोन गाणी झाल्यावर सरलाताईंनी तिला हळूच बाजूला घेतलं.

"आवाज चांगला आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. "पण आमच्यात मिसळत नाही. तू असं कर, टाळ धर."

मंजिरीला वाईट वाटलं नाही. बार्शीच्या शाळेत समूहगानाच्या वेळी बाईंनी याहून सरळ सांगितलं होतं, की तू रांगेत उभी राहा, पण नुसते ओठ हलव. दोन वेगळ्या माणसांनी, इतक्या वर्षांच्या अंतरानं, एकमेकांना न भेटता एकच निदान केलं, तर डॉक्टर माणूस ते मान्य करणारच. तिनं टाळ धरले, चहाची व्यवस्था अंगावर घेतली, आणि दर शनिवारी न चुकता जात राहिली. गाणं ऐकायला तिला मनापासून आवडायचं.

यंदा स्वराली नववीत होती. सेक्टर पस्तीसमधल्या एका क्लासमध्ये ती कीबोर्ड शिकायची आणि मार्चमध्ये तिची परीक्षा होती. वाजवण्याची तयारी झाली होती, पण एक भाग कानाचा होता. परीक्षक दोन सूर वाजवणार आणि मुलांनी त्या दोहोंतलं अंतर ओळखायचं. त्या अंतराला म्हणायचं इंटरव्हल.

"इंटरव्हल म्हणजे बटाटावडा खायची वेळ, एवढंच मला माहीत," नरेश म्हणाला.

"पापा, प्लीज," स्वराली म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदी यायची, आणि वडिलांचे विनोद तिला कुठल्याच भाषेत आवडेनासे झाले होते.

नरेशचे त्या दिवसांत पेपर तपासणं चाललं होतं, म्हणून कीबोर्डच्या कळा दाबायचं काम मंजिरीकडे आलं. ते तिला चालण्यासारखं होतं. त्यात गळ्याचा संबंध नव्हता. स्वराली भिंतीकडे तोंड करून बसायची, मंजिरी कागदावर लिहून दिलेल्या दोन कळा एकापाठोपाठ एक दाबायची, आणि स्वराली ओळखायची. सेकंड, थर्ड, सिक्स्थ. बरोबर यायचं. पण सा-म वाजवलं की ती फिफ्थ म्हणायची आणि सा-प वाजवलं की फोर्थ.

"दोनों सेम लगते हैं, यार."

"सेम कसे असतील? एक जवळ आहे, एक लांब."

"लांब है पर अलग नहीं लगता ना. दोनों में कुछ चुभता ही नहीं."

मंजिरी कळांकडे बघत राहिली. तिचा गोंधळ वेगळाच होता. "मला एक सांग. सा पासून म पर्यंत फोर्थ म्हणतेस. पण सा वरून निघालं की रे, ग, म. तीनच तर पावलं झाली."

"पहला वाला भी गिनते हैं, आई."

"का?"

"बस, गिनते हैं."

मंजिरीनं थोडा विचार केला. मग एकदम तिला उमगलं. "हं. पाचवीसारखं. मूल जन्मलं की पाचवी पुजतात ना, तेव्हा जन्माचा दिवस धरूनच मोजतात. म्हणून तर तुम्ही थर्डवर थर्ड ठेवला की सिक्स्थ होत नाही, फिफ्थ होतो. मधला ग दोनदा मोजला जातो."

स्वराली वळून बघायला लागली. तिच्या सरांनी हे दोन वेळा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा तिच्या डोक्यावरून गेलं होतं. "तूने ये कहाँ से सीखा?"

"कुठून नाही. तू सांगितलंस त्यावरून." मंजिरीला उगाच बरं वाटलं. त्या दिवसापासून तिला या खेळाची गोडीच लागली. ड्यूटीवर जाताना गाडीत तिला वाटायचं, गाण्यात सूर असतात असं आपण इतके दिवस समजत होतो. पण एकट्या सुराला काही अर्थच नाही. तोच सूर एकाच्या शेजारी ठेवला तर म, दुसऱ्याच्या शेजारी ठेवला तर प. सगळं त्या मधल्या जागेत आहे.

एके संध्याकाळी मंजिरी पोळ्या करत होती. नरेश अजून आला नव्हता आणि स्वराली क्लासला गेली आहे असं तिला वाटत होतं. ओट्यावर फोनमध्ये सरलाताईंनी ग्रुपवर पाठवलेलं पाडव्याच्या कार्यक्रमातलं नवं भजन लावलेलं होतं. लाटता लाटता ती त्याच्याबरोबर गुणगुणू लागली. घरात कुणी नसलं की ती कधीमधी गुणगुणायची. तिला स्वतःला ते बरं वाटायचं, सरलाताईंच्या आवाजात अगदी मिसळून गेल्यासारखं. पण तिला माहीत होतं की तो आपल्या कानाचा दोष आहे.

"आई, रुक मत."

ती दचकली. तव्यावरची पोळी करपायला आली होती. दारात स्वराली उभी होती, चप्पलसुद्धा न काढता. सर आजारी असल्यानं क्लास झाला नव्हता.

"काही नाही गं. हात धू, जेवायला वाढते."

"नहीं, वही करो फिर से. वही गाना."

"स्वराली, थट्टा नको."

"थट्टा नहीं है. पक्का. प्लीज आई."

तिच्या तोंडावर थट्टा दिसत नव्हती. मंजिरीनं गॅस बंद केला, भजन पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि डोळे जमिनीकडे लावून, अपराध्यासारखी, दोन ओळी गायल्या. स्वराली ऐकता ऐकताच आत पळाली आणि कीबोर्ड उचलून स्वयंपाकघरात घेऊन आली. पिठाच्या परातीशेजारी तो ठेवून तिनं आधी सरलाताईंचा सा शोधला. काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. बायका बहुधा तिथेच गातात. मग तिनं आईला सा लावायला सांगितला आणि बोट खाली खाली आणत तो शोधला. काळी दोन.

"फोर्थ," ती म्हणाली. "अब रे गाओ."

रेसुद्धा बरोबर तेवढाच खाली होता. गसुद्धा. स्वराली एकेक सूर तपासत गेली आणि तिचा आवाज चढत गेला. "आई, तू बेसूर नहीं है! तू पूरा गाना एक फोर्थ नीचे गाती है. एक भी सुर इधर-उधर नहीं. बेसूर आदमी ऐसा कर ही नहीं सकता."

"मग मला मिसळल्यासारखं का वाटतं?"

"क्योंकि फोर्थ चुभता नहीं ना! इसी लिए मेरे को भी समझ नहीं आता था." ती एकदम थांबली. "एक मिनट. तू नीचे पकड़ के रख. सिर्फ सा."

मंजिरीनं तिचा तो खालचा सा धरला. स्वरालीनं त्यावर आपला सूर लावला, मग दोन श्रुती इकडे तिकडे डगमगली आणि स्थिर झाली. दोघींचे आवाज स्वयंपाकघराच्या टाइलांवरून परत येत होते. मग स्वराली एक पायरी वर सरकली. "ये फिफ्थ," ती मध्येच श्वास घेऊन म्हणाली, आणि पुन्हा खाली आली. "ये फोर्थ." असं त्या दोघींनी कितीतरी वेळ केलं. करपलेली पोळी तशीच तव्यावर राहिली.

त्या संध्याकाळी मंजिरीनं नरेशला काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं गळ्यात बांधलेली चिठ्ठी कुणी काढून टाकली की आधी मान हलकी वाटत नाही, उघडी वाटते. तिनं स्वरालीलाही बजावलं, की हे आपल्यातच ठेव.

पण स्वराली कसली ठेवते! शनिवारी ती आईबरोबर सरावाला आली ती त्याच उद्देशानं. बायका सतरंजीवर बसत होत्या, सरलाताई पेटीचा भाता उघडत होत्या, तोवर ही जाऊन त्यांच्यासमोर बसली.

"आंटी, आई बेसूर नहीं है. वो काली दो में गाती है."

मंजिरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हातातला चहाचा थर्मास कुठे ठेवावा हेही तिला सुचेना.

"ताई, तिचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "परीक्षेचं खूळ भरलंय तिच्या डोक्यात."

सरलाताईंनी स्वरालीकडे पाहिलं, मग मंजिरीकडे. त्या रागावलेल्या नव्हत्या. गाण्यातली एखादी जागा नीट ऐकू आली नाही म्हणजे त्या जशा भुवया जवळ आणायच्या, तशा त्यांनी आणल्या. "बस इथे," त्या म्हणाल्या, आणि पेटीवरचं बोट काळी चारवरून उचलून काळी दोनवर ठेवलं. "धर सा."

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बसलेली मंजिरी कधी डगमगत नसे. रक्तदाब कोसळला तरी तिचा आवाज तसाच राहायचा. इथे मात्र एकदा सूर फुटलाच नाही. दुसऱ्यांदा लागला. सरलाताईंनी भाता बंद केला, पेटी थांबली, आणि मंजिरीचा सा एकटाच उरला. हलला नाही.

"आता चाल गा."

तिनं भजनाच्या चार ओळी गायल्या. मधे एकदा शब्द विसरली, पुन्हा धरला. संपल्यावर सरलाताई काही वेळ पेटीच्या पट्ट्यांवरून नुसतंच बोट फिरवत राहिल्या.

"माझा मंद्र पंचम आहे तो," अखेर त्या म्हणाल्या. "माझा खालचा प, तोच तुझा सा. त्या पहिल्या दिवशी तू मला धरूनच गात होतीस, आणि मला वाटलं, घसरते आहे. मी लांबून ऐकलं, जवळ घेऊन ऐकायला हवं होतं."

"पण ही तर पुरुषांची पट्टी ना, ताई? नरेश काळी दोनमध्ये गातो."

"पट्टीला काय मिशा असतात?"

बायका हसल्या आणि हॉलमधली हवा सैल झाली. स्वरालीला मात्र पुढचं करून बघायची घाई होती. सगळ्यांनी काळी चारमध्ये गावं आणि आईनं खाली आपल्या जागी, असं तिनं सुचवलं. करून पाहिलं. धृपदाला अंगावर काटा यावा इतकं छान झालं. एरवी पातळ वाटणाऱ्या चालीला तळ मिळाला. पण अंतऱ्यात मंजिरी नीवर गेली आणि सगळ्यांचेच चेहरे आंबट झाले.

"तिचा नी आपल्या तीव्र मध्यमावर पडतो," सरलाताई म्हणाल्या, "आणि आपल्या चालीत मध्यम शुद्ध आहे. तिचं चुकत नाही, आपलंही चुकत नाही. पण भजनात हे नाही चालायचं बाळा."

स्वराली हिरमुसली. मंजिरीला उलट सुटल्यासारखं झालं. "राहू द्या ताई. कळलं तेवढं पुष्कळ झालं. मी आहे ती बरी आहे." आणि ती चहा ओतायला उठली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सलोनी बोलली. सलोनी मोहालीच्या नॉलेज सिटीत पीएच.डी. करणारी नाशिकची मुलगी, मंडळात सगळ्यांत लहान, आणि एरवी तोंडातून शब्द काढायची नाही. "ताई, खरं सांगू? मलाही वरचा सा लागत नाही. तिथे आलं की मी नुसतं तोंड उघडते."

"म्हणजे?"

"आवाज काढत नाही. तुमचा येतोच ना वर."

सरलाताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग जोशीकाकूंनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, की अंतरा आला की त्यांना नेहमी पाणी प्यायला उठावं लागतं, ते काही तहान लागते म्हणून नव्हे. आणखी एकीनं मान डोलावली. बघता बघता निम्मा हॉल एकमेकींकडे बघून ओशाळं हसू लागला.

"इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?" सरलाताईंचा आवाज पडला होता.

"तुमचा आवाज तिथे इतका सुरेख लागतो," जोशीकाकू म्हणाल्या. "कोण बोलणार?"

सरलाताईंनी पेटी मिटली. सराव त्या दिवशी तिथेच थांबला. जाताना त्या नेहमीसारख्या सगळ्यांशी बोलल्या, स्वरालीच्या गालावर हात फिरवला, पण मंजिरीला चुटपुट लागून राहिली. गाडीत ती लेकीवर चिडली. तुला सांगितलं होतं ना, गप्प बस म्हणून. स्वराली खिडकीबाहेर बघत राहिली. मध्य मार्गावरची झाडं ऐन वसंतात पानं गाळत होती, आणि झाडूवाल्यांनी कडेला त्यांचे ढीग लावले होते.

मधल्या काळात स्वरालीची परीक्षा झाली. बाहेर आली ती उड्या मारत नव्हती, पण तोंडही पाडलेलं नव्हतं. एक सिक्स्थ चुकली, असं तिनं सांगितलं. "और फोर्थ?" मंजिरीनं नकळत हिंदीत विचारलं.

"दो बार आया. दोनों बार पकड़ लिया. उसने बजाया ना, तो नीचे वाला सुर तेरे जैसा लगा."

आठवड्याच्या मध्यावर सरलाताईंचा फोन आला. मंजिरी तेव्हा रुग्णालयाच्या कँटीनमध्ये होती. "मी घरी बसून बघितलं गं काळी दोनमध्ये," त्या म्हणाल्या, काही प्रस्तावना न करता. "खालचा पंचम लागतच नाही मला. नुसता वारा येतो."

"ताई, मग नको ना. उगाच कशाला—"

"ऐक. पहिलं भजन माझ्या पट्टीत. त्यात ज्यांना वर येता येतं त्यांनी यायचं, बाकीच्यांनी तोंडं उघडून बसायचं नाटक करायचं नाही. आणि दुसरं काळी दोनमध्ये. ते तू, सलोनी आणि जोशीवहिनी पुढे बसून म्हणायचं. मला जिथे लागेल तिथे मी म्हणेन, नाही लागलं तिथे ऐकेन. चालेल?"

"मला भीती वाटते," मंजिरी म्हणाली.

"वाटू दे. मला काय कमी वाटतेय?"

पाडव्याच्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. पहिलं भजन सरलाताईंचं, काळी चारमधलं. त्या वर गेल्या तेव्हा लोकांनी श्वास रोखला, आणि त्या खाली उतरल्यावर टाळ्या पडल्या. मग जागा बदलल्या. मंजिरी पुढे येऊन बसली तेव्हा नरेश तिसऱ्या रांगेत कुणाशी तरी बोलत होता. मंजिरी तिथे का बसते आहे हे त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, माइक सरकवायला आली असेल.

दुसरं भजन काही अवघड नव्हतं. साधी चाल, बहुतेक मधल्या सप्तकात फिरणारी, मधेच खालच्या पंचमाला टेकणारी. पण मंजिरीनं पहिला सूर लावला आणि सलोनीचा, जोशीकाकूंचा आवाज त्यात येऊन मिळाला, तेव्हा मागच्या बायकाही एकेक करून आल्या. एरवी दबून गाणाऱ्या, पाणी प्यायला उठणाऱ्या, सगळ्याच. आवाज चमकदार नव्हता. जाड, घरगुती, हातानं वळलेल्या सुतळीसारखा होता. सरलाताई पेटी वाजवत होत्या. चाल खाली उतरली की त्यांचे ओठ मिटायचे आणि त्या मान किंचित वाकवून ऐकायच्या. वर चढली की पुन्हा त्यात यायच्या. मंजिरीला एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर झाला. त्यांचे डोळे मिटलेले होते. सोपं जात नसावं, पण त्यांनी बोटांचा जोर कुठे कमी केला नव्हता.

भजन संपल्यावर पहिल्या भजनाइतक्या टाळ्या काही पडल्या नाहीत. बऱ्याच पडल्या, इतकंच. मंजिरीला त्याची खंत नव्हती. तिचा घसा जरा खवखवत होता आणि तिला खूप भूक लागली होती.

परत येताना गाडी नरेश चालवत होता. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू हसला असतास."

त्यानं यावर वाद घातला नाही. "हसलो असतो," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं ते दुसरं भजन हळूच म्हणायला सुरुवात केली. मंजिरीनं एक ओळ जाऊ दिली आणि दुसऱ्या ओळीला ती त्याच्यात शिरली. ना वर, ना खाली. बरोबर तिथेच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि दोघांनी एकत्र एक ओळही कधी म्हटली नव्हती. क्षणभर तिला स्वतःचा आवाज ऐकूच येईना; मग तिच्या लक्षात आलं, तो हरवला नव्हता, त्याच्या आवाजाच्या आतच होता. नरेशनं तिच्याकडे बघितलं आणि गातच राहिला.

मागच्या सीटवर स्वरालीनं कानातला एक इअरफोन काढला.

"पापा," ती म्हणाली, "आप थोड़ा नीचे जा रहे हो."

"कोण, मी?"

"हाँ, आप. आई बराबर है."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, नरेशनं घाईघाईत गिअर टाकला, आणि मंजिरीनं तोवर पुढची ओळ धरली होती.